क्रॉस-ड्रॉ होल्स्टर घ्यावं का? हर्णैहून रोख रक्कम घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही हर्णैच्या लिलावात मासळी उचलता. आठवड्यातून तीन-चार वेळा रोख रक्कम घेऊन कधी दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गुहागरला, तर कधी कुंभार्ली घाटाने कराडला जाता. आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे आणि ते उजव्या कमरेला लावता. गाडीत दोन तास बसलं की मूठ बरगडीत रुतते. शिवाय गेल्या वर्षापासून उजवा खांदा आखडलाय, कोपर मागे नेलं की कळ येते. एका अमेरिकन व्हिडिओत सांगितलं की गाडी चालवणाऱ्याने क्रॉस-ड्रॉ होल्स्टर वापरावं, म्हणजे हत्यार डाव्या कमरेला, मूठ पुढे, आणि काढायचं उजव्या हाताने. ते घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी जिल्हा पोलीस मुख्यालयात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा, होतो. २७ वर्षं कोतात, म्हणजे शस्त्रागारात, हत्यारं उघडली, साफ केली, फायरिंग बटवर जवानांना शिकवलं. निवृत्तीनंतर परवानाधारकांना हत्यार हाताळायला शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकत्र झालेत. बसल्यावर टोचतं हा एक, खांदा मागे जात नाही हा दुसरा, आणि गाडीत वेळ आलीच तर हत्यार हाती येईल का हा तिसरा. क्रॉस-ड्रॉ पहिल्या दोन्हींवर चांगला उपाय आहे. तिसऱ्यावर तो तुम्हाला वाटतो तितका कामाचा नाही, आणि त्याचं कारण त्या व्हिडिओत येणं शक्यच नव्हतं.

अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं. तिथे ड्रायव्हरचा सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येतो आणि त्याचं बक्कल उजव्या कमरेशी अडकतं. म्हणजे उजव्या कमरेचं हत्यार नेमकं बक्कलाखाली दबतं आणि डावी बाजू त्या मानाने मोकळी राहते. म्हणून तिथले लोक ड्रायव्हरला क्रॉस-ड्रॉ सुचवतात, आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. आपल्याकडे सगळं उलट आहे. तुम्ही उजवीकडे बसता, पट्टा उजव्या खांद्यावरून छातीवर तिरका येतो आणि बक्कल डाव्या कमरेशी लागतं. क्रॉस-ड्रॉची मूठ जिथे असायला हवी, तिथेच पट्टा आणि बक्कल. आज गाडीत बसा, पट्टा लावा आणि उजवा हात डाव्या कमरेकडे न्या. (रिव्हॉल्व्हर घरी कुलपात ठेवून, नुसत्या हाताने.) मनगट पट्ट्याला अडतं की नाही ते स्वतः बघा.

याचा अर्थ उजवी कमर गाडीत सोयीची आहे असा नाही. तिथे दाराची आणि सीटच्या फुगवट्याची अडचण आहे, आणि पट्ट्याचा खालचा भाग मांडीवरून जाताना होल्स्टरवर चढतो. तो पट्टा मुठीच्या खालून घेतला आणि शर्ट वरून सोडला तर थोडं सुटसुटीत होतं, एवढंच.

मात्र तुमच्याकडे ड्रायव्हर असेल आणि तुम्ही शेजारच्या, डाव्या सीटवर बसत असाल, तर माझं उत्तर बदलतं. डाव्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि बक्कल उजवीकडे लागतं. म्हणजे त्या सीटवर तुमची परिस्थिती अमेरिकन ड्रायव्हरसारखीच असते. नळीचं तोंड खाली, मागे आणि दाराच्या बाजूला राहतं, शेजारच्या माणसाकडे नाही. त्या जागेसाठी क्रॉस-ड्रॉ मी बिनधास्त सुचवेन. तुम्ही गाडी स्वतः चालवता की नाही हे प्रश्नात लिहिलेलं नाही. मी स्वतः चालवता असं धरून पुढे लिहितो.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. तलवार डाव्या कमरेला आणि उपसायची उजव्या हाताने, हा क्रॉस-ड्रॉच झाला. पातं लांब, ते म्यानातून पूर्ण बाहेर यायला हाताला शरीराच्या आडवी लांबी मिळायला हवी, म्हणून तलवार त्या बाजूला. लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरला आणि घोडेस्वाराला हेच लागू होतं. याउलट आपला बागायतदार कोयता कसा लावतो ते आठवा. कमरेला मागे आकडी, आकडीत कोयता. माडावर चढताना पोट आणि मांड्या बुंध्याला घासतात, म्हणून पुढे काही चालत नाही, आणि हात मागे गेला की मूठ हातात येते. ज्याचं जसं काम तशी त्याची जागा ठरली. तुमच्या .३२ ची, म्हणजे कानपूरला बनणाऱ्या रिव्हॉल्व्हरची, नळी जेमतेम तीन इंचांची. लांबीसाठी तिला आडव्या बाजूची गरज नाही. तुम्हाला गरज आहे ती खांद्यामुळे.

आता धोक्याची गोष्ट, आणि इथे मी जरा थांबणार आहे. मी शिकवताना लाकडी पिस्तूल वापरतो. त्याच्या नळीत लाल ठिपका टाकणारा छोटा टॉर्च बसवलाय. संध्याकाळी पडवीत दिवा मंद करतो, शिकणाऱ्याच्या डाव्या कमरेला ते पिस्तूल लावतो आणि समोरच्या भिंतीवरच्या कागदावर रोखायला सांगतो. काही महिन्यांपूर्वी एक आंबा बागायतदार आले होते. सावकाश, शांत माणूस. त्यांनी पिस्तूल काढलं तेव्हा ठिपका आधी त्यांच्याच डाव्या कोपरावर आला, तिथून मनगटाकडे सरकला, मग डावीकडे बाकावर बसलेल्या त्यांच्या मुलाच्या गुडघ्यावरून गेला, दाराच्या चौकटीवर चढला आणि शेवटी कागदावर पोचला. तिथेही थांबला नाही, हातभर पुढे गेला आणि परत आला. मुलाने आपल्या गुडघ्याकडे बघितलं आणि पाय बाकाखाली ओढून घेतला. मग उजव्या कमरेवरून तेच करायला लावलं. ठिपका त्यांच्या उजव्या पावलाजवळ जमिनीवर दिसला, सरळ पुढे सरकत गेला आणि कागदावर चढला. वाटेत कोणीच आलं नाही.

उजव्या कमरेवरून हत्यार वर येतं आणि पुढे जातं. त्याची रेघ उभी असते. निशाणा थोडा चुकला तरी तो वर किंवा खाली चुकतो. क्रॉस-ड्रॉची रेघ आडवी असते. वाटेत तुमचा स्वतःचा डावा हात येतो आणि डावीकडे उभी असलेली माणसंही. आणि आडव्या वेगात आलेली नळी नेमकी जागेवर थांबवणं अवघड जातं. म्हणूनच बऱ्याच रेंजवर क्रॉस-ड्रॉने सराव करू देत नाहीत. आयडीपीए या आंतरराष्ट्रीय पिस्तूल संघटनेच्या स्पर्धांतही त्याला परवानगी नाही.

यावर उपाय आहे आणि मी तो शिकवतो. उजवा पाय मागे घ्यायचा, म्हणजे डावी कमर समोर येते. त्याच क्षणी डावा तळवा छातीवर उंच चिकटवायचा, कोपर वर, म्हणजे हात नळीच्या वाटेतून बाजूला होतो. आता मूठ धरून हत्यार बाहेर काढलं की नळी पहिल्यापासूनच समोरच्या दिशेला असते, आजूबाजूच्या कोणावरून फिरत नाही. ट्रिगरवर बोट शेवटपर्यंत जात नाही, ट्रिगरच्या कड्याबाहेर, हत्याराच्या सांगाड्यालगत सरळ राहतं. उभ्या माणसाला हे नीट जमतं. रोज दहा मिनिटं याप्रमाणे महिनाभर केलं की अंगवळणी पडतं.

पण ही सगळी सुरक्षितता पायांतून येते. ड्रायव्हरच्या सीटवर पाय मागे घेता येत नाही, कंबर वळत नाही, डावा हात स्टिअरिंगवर असतो. ज्या बसलेल्या अवस्थेसाठी तुम्हाला क्रॉस-ड्रॉ हवंय, त्याच अवस्थेत ते सुरक्षितपणे काढायची युक्ती चालत नाही. शिवाय आपल्या ड्रायव्हरजवळ माणूस येतो तो उजव्या खिडकीशी. डाव्या कमरेवरून निघालेली नळी शेजारची सीट, तुमचे गुडघे आणि डावं मनगट ओलांडून उजवीकडे पोचणार. शेजारी घरचं माणूस बसलेलं असेल तर मी तुम्हाला ते करायला कधीही सांगणार नाही. गाडी चालू असताना धोका वाटला तर गाडी पुढे काढा, हॉर्न दाबून ठेवा, वस्तीच्या दिशेने जा, ११२ ला फोन लावा. हत्याराचा विचार त्यानंतर.

दुसरी अडचण गर्दीची. हर्णैचा लिलाव तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलाय. टोपल्यांभोवती माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, पुढचा वाकतो, मागचा त्याच्यावरून बघतो. फेरीबोटीवर गाडीतून उतरलं की तीच गत. क्रॉस-ड्रॉची मूठ पुढे, समोरच्या माणसाच्या उजव्या हाताच्या सरळ रेषेत असते. झटापटीत त्याला ती धरून ओढणं सोपं जातं. आणि त्याने तुमचा उजवा हात पोटाशी दाबून धरला तर तुम्हाला ती काढताही येत नाही. उजव्या कमरेवरची मूठ तुमच्या कोपराखाली दबलेली असते, नुसतं कोपर आवळलं तरी राखण होते. पोलीस बंदोबस्तात गर्दीत उभं राहणाऱ्यांना आम्ही कोपर हत्यारावर ठेवायला सांगायचो ते यासाठीच. क्रॉस-ड्रॉ घ्यायचंच ठरलं तर मुठीवरून बटणाची पट्टी असलेलं घ्या, आणि त्या पट्टीचं बटण उजव्या अंगठ्याने, अंगाकडच्या बाजूने सुटतं याची खात्री करा.

क्रॉस-ड्रॉच्या बाजूने बोलायचं तर खांदा हे सगळ्यात खरं कारण. उजव्या कमरेवरून काढताना कोपर मागे आणि वर जावं लागतं. आखडलेल्या खांद्याला तेच नको असतं, आणि कळ आली की माणूस अर्ध्यावर थांबतो. अर्धवट निघालेलं हत्यार सगळ्यात वाईट. आडवा हात पोटावरून नेताना खांद्यावर तो ताण येत नाही. स्वतःची एक परीक्षा घ्या. पँटच्या उजव्या मागच्या खिशातलं पाकीट खांदा न उचलता, न वाकता, सलग दहा वेळा काढून ठेवता येतं का? येत असेल तर उजवी कमर सोडायची गरज नाही. होल्स्टर फक्त थोडं पुढे घ्या. बेंबीला बाराचा आकडा धरला आणि कंबर घड्याळासारखी मानली, तर आता तुमचं बहुतेक चारवर असेल. ते अडीच-तीनच्या मध्ये, कमरेच्या हाडाच्या पुढे, सरळ उभं लावून बघा. कोपर कमी मागे जातं आणि बरगडीत रुतणंही बऱ्यापैकी थांबतं. माझ्याकडे हीच तक्रार घेऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं काम एवढ्याने झालं. पाकिटाची परीक्षा जमली नाही तर क्रॉस-ड्रॉ घ्या, पण खांद्यावर उपचारही चालू ठेवा. आखडलेला खांदा बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत बराच सुटतो, तेव्हा पुन्हा विचार करता येईल.

पाऊस हे दुसरं कारण. आपल्याकडे चार महिने अंगावर रेनकोट असतो. उजव्या कमरेवरून काढायचं तर रेनकोटचा ओला घेर आधी वर उचलावा लागतो आणि तो हाताला चिकटतो. क्रॉस-ड्रॉ समोरच्या चेनमधून हाताशी येतं. दुचाकीवर वाऱ्याने शर्ट मागून उडतो आणि उजव्या कमरेची मूठ उघडी पडते. पुढचं हत्यार झाकलेलं राहतं. पण दुचाकीवर मागे कोणी बसत असेल तर लक्षात ठेवा, नळीचं तोंड तिरकं मागे, म्हणजे त्याच्या गुडघ्याकडे असतं.

बसून काम करणाऱ्यालाही ते सोयीचं. पेढीवर दिवसभर बसणारे एक सराफ माझ्या सांगण्यावरूनच क्रॉस-ड्रॉ वापरतात. डावीकडे भिंत, समोर काउंटर, पट्टा नाही, बक्कल नाही. त्यांच्यासाठी याहून चांगली जागा नाही. पोट सुटलेलं असेल तर मात्र मूठ पोटात रुतते आणि हात तिथवर पोचतही नाही. तेव्हा ती सोय उरत नाही.

घेताना एक चूक टाळा, ती मी वारंवार बघतो. लोक जुनं उजव्या कमरेचं होल्स्टर कमरेच्या पट्ट्यावरून सरकवून डावीकडे आणतात. मूठ पुढे येते, त्यामुळे जमलं असं वाटतं. पण उजवीकडची बरीच होल्स्टर मूठ थोडी पुढे झुकेल अशी तिरकी शिवलेली असतात. ते डावीकडे नेलं की तिरकेपणा उलटतो, तोंड हातापासून मागे वळतं आणि मनगट मोडून मूठ धरावी लागते. क्रॉस-ड्रॉचं होल्स्टर वेगळंच शिवलेलं असतं, त्याचं तोंड बेंबीकडे झुकलेलं असतं. घड्याळाच्या भाषेत ते दहा ते अकराच्या मध्ये बसतं. त्याहून मागे गेलं की हात पोचत नाही. तुमचं रिव्हॉल्व्हर मोडून उघडणारं, म्हणजे नळी खाली झुकवून राऊंड भरायचं आहे, म्हणून होल्स्टरची कड त्याच्या उघडायच्या खटक्यावर दाब देत नाही हेही बघा. कमरेचा पट्टा दीड इंची, दुहेरी चामड्याचा आणि ताठ असू दे. लेचापेचा पट्टा असला की हत्यारासकट होल्स्टर वर येतं.

आता सामानाबद्दल. कोल्हापूरचे चामड्याचे कारागीर माप दिलं तर उत्तम होल्स्टर शिवून देतात, पण किनाऱ्यावर चामडं म्हणजे जबाबदारी. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर खारी हवा आणि घाम. चामडं ओल धरून ठेवतं, आणि ते कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहिलेले असतात. एका गृहस्थांनी जूनमध्ये रिव्हॉल्व्हर चामडी होल्स्टरमध्येच कपाटात ठेवलं आणि गणपतीच्या आधी बाहेर काढलं. माझ्याकडे आणलं तेव्हा नळीच्या उजव्या अंगावर होल्स्टरच्या शिवणीचा ठसा गंजात उमटला होता, टाका न् टाका मोजता येत होता. तेलाने आणि बारीक स्टील वूलने वरचा गंज गेला, खड्डे राहिलेच. राऊंडच्या, म्हणजे काडतुसांच्या, पितळेवर हिरवा कळंक चढला होता, ते राऊंड त्यांना बदलावे लागले. म्हणून चामडं फक्त अंगावर असताना. घरी आलं की हत्यार बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसायचं, तेलाचा पातळ हात द्यायचा आणि कुलपात. तुमच्या कामाला मी कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं होल्स्टर सुचवेन. ते पाणी पीत नाही, नळाखाली धुता येतं. वाळू मात्र आत जाऊ देऊ नका, ती काचकागदासारखी पॉलिश खाते. आणि हर्णैच्या पुळणीवर वाळू कुठे नाही?

हत्यार परत ठेवताना घाई नको. ही वेळ काढण्याइतकीच नाजूक असते आणि क्रॉस-ड्रॉमध्ये जास्तच, कारण नळी डाव्या हाताजवळून जाते. डावा हात छातीवर, शर्टाची कड बाजूला, डोळे होल्स्टरच्या तोंडावर, आणि सावकाश. गाडीत बसून कधीच ठेवू नका. डाव्या हाताने मनगट उलटं करून काढायची एक पद्धत काही जण दाखवतात. ती मी शिकवत नाही, त्यात नळी स्वतःच्या पोटावरून फिरते. सराव नेहमी रिकाम्या हत्याराने, राऊंड दुसऱ्या खोलीत, आणि खोलीत दुसरं कोणी नसताना.

परवान्याच्या अटी तुम्हाला माहीत असतील, तरी दोन गोष्टी सांगतो, कारण होल्स्टरशी त्यांचा थेट संबंध आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असायला हवी. क्रॉस-ड्रॉची मूठ पुढे येते. शर्ट आखूड असेल तर बसताना ती दिसते, तेव्हा शर्ट लांब आणि सैल घाला. दुसरं, जत्रा, धार्मिक मिरवणूक आणि शाळा-कॉलेजच्या आवारात परवान्याचं हत्यार नेता येत नाही. शिमग्यात पालखी दारात येते, आपण तसेच तिच्याबरोबर चालू लागतो. त्या दिवसांत हत्यार घरी कुलपातच राहू दे. परवान्यावर कुठलं क्षेत्र लिहिलंय तेही बघून घ्या. कराडला जाता म्हणजे जिल्हा ओलांडता.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तिने जास्त फरक पडेल. रोख आणि हत्यार एकाच कमरेच्या बॅगेत ठेवू नका. पैशासाठी हात गेला की मूठ दिसते, आणि बॅग हिसकावली तर दोन्ही जातं. रोख सीटखाली कुलूपबंद पेटीत ठेवा, शक्य तेवढी रक्कम बँकेतून फिरवा, जाण्याच्या वेळा बदलत्या ठेवा.

पाकिटाची परीक्षा करून बघा, आणि गाडीत पट्टा लावून उजवा हात डाव्या कमरेवर कुठवर जातो ते मोजा. तुम्ही स्वतः चालवता की ड्रायव्हर असतो, उंची किती आणि पोटाचा घेर किती, एवढं कळवलंत तर होल्स्टरचा तिरकेपणा आणि उंची किती असावी ते नेमकं सांगता येईल.